प्लेगजंतू, तुपाखालील

दोन न मिसळणाऱ्या द्रवांच्या सीमेवर होणाऱ्या प्लेगजंतूंच्या वाढीस लशीच्या इतिहासात विशेष स्थान आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्‌भवला आणि भयभीत लोक शहर सोडू लागले. त्यांतील बरेच ठाणे-कल्याणच्या लोहमार्गाने निघाले. पुणे व नासिक यांकडील मार्ग कल्याण येथे फुटत असल्यामुळे तेथे प्रवाशांची वैद्यकीय तपासणी होऊ लागली. साथ रोखण्यास तपासणी व विलगीकरण यांपलीकडे फारसे साधन तेव्हा नव्हते.

ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आलेल्या वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लशीचे काम सुरू केले. लशीसाठी जंतू विपुल प्रमाणात हवे होते. हाफकिन यांनी मांसरसावर थोडे तूप वा खोबरेल तरंगत ठेवले. थेंबांच्या खालच्या पृष्ठास जंतू चिकटत व तेथून त्यांचे तंतू गुहेतील लवणस्तंभांप्रमाणे रसात लोंबत. पात्र जराही हलले तरी ते तुटत. म्हणून ते अगदी स्थिर ठेवीत. मग पात्र मुद्दाम हलवून तंतू तळाशी पाडीत आणि थेंबांखाली नवी वाढ होऊ देत. असे काही आठवडे चाले. हिंदू व मुसलमान या दोघांच्याही भावना जपण्यासाठी गोमांस व डुकराचे मांस टाळून बोकडाचे मांस वापरले गेले, ही गोष्टही लक्षणीय आहे.

कशाभिका (चाबकासारखी शेपटी) असलेले जंतू रसात पोहत पसरतात व तो गढूळ करतात. द्रवाच्या मुक्त पृष्ठाजवळ ते वर्तुळाकार फिरतात. घन पृष्ठाजवळील फेऱ्यांच्या उलट ही दिशा असते, असे २०११ मध्ये दाखविण्यात आले. प्लेगजंतूच्या पूर्वज जातीला पोहता येते. प्लेगजंतूने मात्र ती क्षमता गमावली आहे. त्यामुळे विभाजनाने झालेले जंतू एकमेकांना बिलगून राहतात व रस स्वच्छ दिसतो.

वाढलेले जंतू सु. ६५° से. तापमानास मारून त्यांत कार्बॉलिक अम्ल मिसळीत. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले व हाफकिन यांना दोषी धरण्यात आले. त्या लशीची बाटली गावात उघडताना दूषित झाल्याचे पुढे दिसून आले व १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.