स्मोक्ड चीज: पोषण, मीठ, औषधे आणि स्वयंपाकातला वापर

सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये साध्या चीजच्या शेजारी तपकिरी सालीचा गोळा किंवा बदामी चकत्यांचे पाकीट दिसते. त्यावर 'स्मोक्ड' लिहिलेले असते आणि किंमतही जास्त असते. असे चीज साध्यापेक्षा पौष्टिक असते का? धुरामुळे ते जास्त टिकते का? रक्तदाब असेल किंवा टीबीची औषधे चालू असतील तर ते चालते का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर थोडक्यात देता येते: धुरामुळे पोषण वाढत नाही आणि टिकाऊपणा थोडासाच वाढतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुम्ही सविस्तर वाचायला हवे.

धूर नेमके काय करतो?

चीज तयार होऊन मिठाच्या पाण्यात मुरले की ते धुराच्या खोलीत ठेवतात. साधारण ३० अंश सेल्सियसच्या वर चीजमधली चरबी सुटू लागते. त्यामुळे बहुतेक चीजला थंड धूर देतात, म्हणजे लाकूड एकीकडे धुमसते आणि निवलेला धूर चीजपर्यंत पोहोचतो. हे काम काही तासांपासून काही दिवसांपर्यंत चालते. धुरातल्या फिनॉल गटातील पदार्थांमुळे वास येतो. धुरातले इतर काही घटक चीजमधल्या प्रथिनांशी संयोग पावतात आणि साल तपकिरी होते. पृष्ठभाग कोरडा पडतो, त्यामुळे बुरशी जरा उशिरा धरते. हा सगळा परिणाम मुख्यतः बाहेरच्या थरावर होतो. आतले चीज जवळपास आधी होते तसेच राहते.

ही पद्धत मेंढपाळांच्या झोपड्यांतून आली. चूल दिवसभर पेटलेली असायची आणि चीज वर आढ्याला टांगलेले किंवा फळीवर ठेवलेले असायचे. पोलंडच्या तात्रा डोंगरातले ओस्सीपेक आणि स्पेनच्या बास्क भागातले इदियाझाबाल ही मेंढीच्या दुधाची चीज याच परंपरेतली. दक्षिण इटलीत स्कामोर्झा नावाचे, मानेला दोरी बांधलेले, नासपतीच्या आकाराचे चीज धुरावर ठेवतात. भारतातही असे एक चीज आहे. पश्चिम बंगालमधल्या हुगळीजवळच्या बँडेलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या, खारट चकत्या कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये पांढऱ्या आणि धुरावलेल्या अशा दोन्ही प्रकारांत मिळतात.

आपल्याकडच्या दुकानांत दिसणारे चीज बहुधा स्मोक्ड गौडा किंवा धुराच्या स्वादाचे प्रोसेस्ड चीज असते. या दोन्हींत बराच फरक आहे. प्रोसेस्ड चीजला अनेकदा धूर लागलेलाच नसतो. धूर पाण्यात उतरवून केलेला अर्क त्यात मिसळलेला असतो. पाकिटाच्या मागे घटकांच्या यादीत 'स्मोक फ्लेवर' आणि 'इमल्सिफायर' हे शब्द दिसले तर ते या प्रकारातले समजा.

पोषणमूल्ये

१०० ग्रॅम गौडा चीजमध्ये सुमारे ३५५ कॅलरी, २५ ग्रॅम प्रथिने, २७ ग्रॅम चरबी आणि ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. चरबीपैकी १७ ते १८ ग्रॅम संपृक्त असते. तंतुमय पदार्थ आणि क जीवनसत्त्व अजिबात नसते. धूर दिल्याने या आकड्यांत फारसा बदल होत नाही.

१०० ग्रॅम चीज एका वेळी कोणी खात नाही, म्हणून ३० ग्रॅमचा हिशेब करू. हा तुकडा साधारण काडेपेटीएवढा असतो. त्यातून १०५ ते ११० कॅलरी, साडेसात ग्रॅम प्रथिने आणि सुमारे २१० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. प्रौढ व्यक्तीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणजे एवढ्याशा तुकड्यातून पाचवा हिस्सा मिळतो. दूध पचत नाही अशांसाठी ही जमेची बाजू आहे, कारण मुरवलेल्या चीजमध्ये लॅक्टोज नावापुरतेच उरते. बहुतेकांना त्याने पोटात गॅस किंवा जुलाब होत नाहीत. मात्र दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर कोणतेच चीज चालत नाही. ती तक्रार वेगळी आहे.

शाकाहारी व्यक्तींना चीजमधून थोडे बी-१२ मिळते. पण रक्ततपासणीत कमतरता निघाली असेल तर ती चीज खाऊन भरून निघत नाही. त्यासाठी गोळ्या किंवा इंजेक्शनच घ्यावे लागते.

आणि संपृक्त चरबी? त्याच ३० ग्रॅममध्ये ती पाच ग्रॅमच्या वर असते. कोलेस्टेरॉल वाढलेले असेल तर हे चीज रोजच्या डब्यात नको, आठवड्यातून एक-दोनदा ठीक.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, म्हणजे सुमारे एक छोटा चमचा मीठ. गौडाच्या ३० ग्रॅममध्ये अंदाजे २४५ मिलिग्रॅम सोडियम असते. प्रोसेस्ड चीजमध्ये हे प्रमाण १०० ग्रॅमला १००० मिलिग्रॅमच्या पुढे सहज जाते, कारण मिठाखेरीज इमल्सिफायर म्हणून घातलेल्या क्षारांतही सोडियम असते. २० ग्रॅमच्या दोन चकत्या सँडविचमध्ये घातल्या, वर ब्रेडमधले मीठ, सॉस आणि खारे लोणी आले, की एका सँडविचमध्ये दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा संपतो.

पाकिटावर 'मीठ' न लिहिता 'सोडियम' लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. उच्च रक्तदाब किंवा हृदयाची कमजोरी असेल तर हा गुणाकार दुकानातच करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर घटकांच्या यादीत फॉस्फेटचे क्षारही बघा. औषध म्हणून फॉस्फरस कमी ठेवायला सांगितलेल्या रुग्णांनी प्रोसेस्ड चीज टाळलेलेच बरे.

टीबी आणि इतर काही औषधे चालू असतील तर

चीज मुरताना जिवाणू त्यातल्या टायरोसिन या अमिनो आम्लापासून टायरामिन नावाचा पदार्थ तयार करतात. चीज जितके जुने, तितके टायरामिन सहसा जास्त. त्याचा धुराशी संबंध नाही, पण पारंपरिक स्मोक्ड चीज बहुधा मुरवलेली असतात. एरवी आतडे आणि यकृतातले मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर टायरामिनचे विघटन करते आणि आपल्याला काही जाणवत नाही. काही औषधे हेच विकर रोखतात. मग टायरामिन रक्तात पोहोचते, शरीरातले नॉरॲड्रेनालिन एकदम बाहेर पडते आणि रक्तदाब झपाट्याने चढतो.

आयसोनियाझिड हे टीबीच्या उपचारातले नेहमीचे औषध आहे. ते या विकराला थोडे रोखते आणि हिस्टामिनचे विघटनही अडवते. त्यामुळे मुरवलेले चीज किंवा काही प्रकारचे मासे खाल्ल्यावर काही रुग्णांचा चेहरा लाल होतो, छातीत धडधडते, डोके दुखते, घाम फुटतो. सगळ्यांना हा त्रास होत नाही. पण झाला तर रुग्ण गोळीला दोष देतो आणि गोळीच बंद करतो, जे फार घातक आहे. टीबीची गोळी थांबवू नका. चीज थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

लिनेझोलिड हे औषध-प्रतिरोधक टीबीत आणि इतर काही हट्टी जंतुसंसर्गांत देतात. त्यावर असताना मुरवलेली चीज टाळावीत. नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रॅनिलसिप्रोमाइन, फेनेल्झीन यांसारख्या जुन्या औषधांबाबत पथ्य सर्वांत कडक आहे. औषध बंद केल्यावरही ते दोन आठवडे पाळावे लागते. पार्किन्सनसाठीच्या सेलेजिलीन आणि रासाजिलीन यांच्या नेहमीच्या मात्रेत इतकी बंधने नसतात, तरी फार जुने, तीव्र वासाचे चीज भरपूर खाऊ नये.

टायरामिन शिजवल्याने जात नाही. त्यामुळे 'पिझ्झावर वितळवून खाल्ले तर चालेल ना' याचे उत्तर नाही असेच आहे. ताज्या दुधाचे ताजे पनीर मात्र चालते, कारण ते मुरवलेले नसते.

यांपैकी एखादे औषध चालू असताना चीज खाल्ले आणि अचानक असह्य डोकेदुखी, मान आखडणे, छातीत दुखणे किंवा दृष्टी धूसर होणे असे काही झाले, तर घरी थांबू नका. ताबडतोब रुग्णालयात जा आणि कोणते औषध चालू आहे ते पहिल्याच वाक्यात सांगा.

मायग्रेनबाबत चित्र इतके स्पष्ट नाही. काहींना जुन्या चीजने डोके चढते, अनेकांना चढत नाही. महिनाभर खाल्लेल्या पदार्थांची आणि डोकेदुखीची वही ठेवा, तुमच्यापुरते उत्तर मिळेल.

गरोदरपणात

लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. गरोदर स्त्रीला त्याने साधा ताप आणि अंगदुखीच जाणवते, पण गर्भपात किंवा बाळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. थंड धुराने लिस्टेरिया मरत नाही, म्हणून 'स्मोक्ड' म्हणजे 'शिजवलेले' असे समजू नका. पाश्चराइज्ड दुधाचे कडक चीज सहसा सुरक्षित असते. कच्च्या दुधाचे किंवा मऊ चीज आणि उघड्यावर विकलेल्या चकत्या टाळा, किंवा वाफा येईपर्यंत गरम करून खा. इदियाझाबाल हे परंपरेने कच्च्या दुधाचेच असते. परदेशातून कोणी भेट म्हणून आणले तर पाकीट वाचल्याशिवाय खाऊ नका.

धुरामुळे कर्करोग होतो का?

लाकूड अर्धवट जळताना बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे तयार होतात आणि ती थोड्या प्रमाणात धुरावलेल्या अन्नावर बसतात. चीजमध्ये ती मुख्यतः सालीवर असतात, म्हणून पारंपरिक स्मोक्ड चीजची गडद साल कापून टाकणे शहाणपणाचे. २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवले गेले ते प्रक्रिया केलेले मांस. चीज त्या यादीत नाही, तरी समाजमाध्यमांवर दोन्हींची सरमिसळ होते.

धुराच्या अर्काबद्दल युरोपने वेगळा निर्णय घेतला आहे. तिथल्या अन्न सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये आठ धूर-स्वादांचा फेरआढावा घेतला. जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही असे आढळल्याने २०२४ मध्ये त्यांच्या परवान्यांचे नूतनीकरण झाले नाही. चीज, मासे यांसारख्या पदार्थांसाठी उत्पादकांना पाच वर्षांची मुदत मिळाली. कधीतरी दोन चकत्या खाल्ल्या म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण लहान मुलांच्या डब्यात रोज 'स्मोकी' स्वादाचे चीज, चिप्स आणि सॉस देण्याची सवय मला योग्य वाटत नाही.

शाकाहारी व्यक्तींसाठी

दूध फाडण्यासाठी वापरले जाणारे रेनेट वासराच्या किंवा कोकराच्या पोटातले असू शकते. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवे चिन्ह असेल तर प्रश्न नाही. परदेशात राहणाऱ्यांनी 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेरियन रेनेट' हे शब्द शोधावेत.

स्वयंपाकात कसे वापरावे?

स्मोक्ड चीजकडे मसाला म्हणून बघा. त्याचा वास इतका ठळक असतो की साध्या चीजच्या निम्म्यात काम भागते. माणशी १० ते १५ ग्रॅम किसून पुरते आणि मीठ-चरबीचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. पदार्थात मीठ घालण्याआधी चीज घालून चव बघा, बहुतेक वेळा वरून मीठ लागतच नाही.

ज्यांना स्वतःची तीव्र चव नाही अशा पदार्थांत ते खुलते: उकडलेला बटाटा, मका, मशरूम, अंडी, फ्लॉवर. पावसाळ्यात भाजलेल्या कणसावर मीठ-लोण्याऐवजी लिंबू चोळून थोडे स्मोक्ड गौडा किसा. टोमॅटोच्या सारात किंवा सूपमध्ये ते गॅस बंद केल्यावर घाला. उकळत ठेवले तर चरबी सुटून वर तरंगते. वांग्याच्या भरतात घालण्याचा मोह टाळा. वांग्याला आधीच विस्तवाचा वास असतो, दोन धूर एकत्र आले की चव कडवट होते.

स्कामोर्झाची जाड चकती तव्यावर दोन्ही बाजूंनी परतली की बाहेरून खरपूस आणि आतून तार सुटणारी होते. पोलंडमध्ये ओस्सीपेक विस्तवावर भाजून क्रॅनबेरीच्या आंबटगोड मुरंब्यासोबत देतात. तोंडी लावायला आपला आवळ्याचा किंवा कैरीचा मुरंबाही जमतो. बँडेल चीज रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देतात. चकती मऊ होते आणि बरेचसे मीठही निघून जाते. मग ती कुस्करून कोशिंबिरीत किंवा ऑम्लेटमध्ये घालता येते.

ज्यांना रक्तदाबामुळे किंवा वर सांगितलेल्या औषधांमुळे हे चीज वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी घरचा उपाय आहे धुंगार. पसरट भांड्यात बिनमिठाच्या ताज्या पनीरचे तुकडे घ्या, मध्ये वाटी ठेवून त्यात रसरशीत निखारा ठेवा, त्यावर अर्धा चमचा तूप सोडा आणि दोन-तीन मिनिटे झाकण ठेवा. लाकडी कोळसाच वापरा, रसायन लावलेला चटकन पेटणारा कोळसा नको. खिडकी उघडी ठेवा आणि निखारा लगेच पाण्यात विझवा, कारण बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो.

साठवण

पाकीट फोडल्यावर चीज बटर पेपरमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात, पाच अंशांखाली ठेवा. डबा नसेल तर फ्रिजमधल्या दुधाला आणि लोण्याला धुराचा वास लागतो. कडक चीज दोन-तीन आठवडे टिकते. त्यावर बुरशीचा ठिपका दिसला तर भोवतालचा आणि खालचा अडीच सेंटीमीटर भाग कापून उरलेले वापरता येते. सुरी ठिपक्याला लावू नका. चकत्या, किसलेले किंवा मऊ चीज असेल तर बुरशी दिसताच सगळेच टाकून द्या.