व्यवसाय वैद्यक : शिक्षणाचा इतिहास

माणसाच्या व्यवसायामुळे, तसेच काम व वस्ती यांच्या परिसरातील दूषित घटकांमुळे उद्भवणाऱ्या विकारांचे निदान, उपचार व प्रतिबंध यांचा विचार करणारी वैद्यकाची शाखा म्हणजे व्यवसाय व पर्यावरणीय वैद्यक होय. असे विकार प्राचीन काळापासून ज्ञात असले, तरी त्यांसाठी डॉक्टरांना खास शिक्षण देण्याची पद्धत विसाव्या शतकातील आहे. या विकारांचे मूळ रुग्णशय्येजवळ दिसत नाही. ते कामाच्या जागी शोधावे लागते. रुग्णालयात बंदिस्त असलेल्या वैद्यकीय शिक्षणात मात्र कारखान्याला स्थान नव्हते.

या शाखेचा पाया इटलीतील मोदेना येथील प्राध्यापक बेर्नार्दीनो रामाझ्झीनी (१६३३–१७१४) यांनी घातला. घरातील मैलखड्डा उपसणाऱ्या मजुराची घाई पाहून त्यांनी कारण विचारले. तेथे अधिक वेळ थांबल्यास डोळ्यांना भयंकर आग होते, असे त्याने सांगितले. पुढे निरनिराळ्या कारागिरांच्या कार्यशाळांत हिंडून त्यांनी त्यांच्या रोगांवरील ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध केला. हिपॉक्रेटीझने सांगितलेल्या प्रश्नांत ‘तुझा व्यवसाय कोणता?’ या प्रश्नाची भर घालावी, असे त्यांनी वैद्यांना सुचविले. ही सूचना पुढील दोन शतके बव्हंशी ग्रंथातच राहिली.

ब्रिटनमध्ये १८९५ च्या कायद्याने शिसे, फॉस्फरस व आर्सेनिक यांच्या विषबाधांची आणि अँथ्रॅक्सची सूचना कारखाना निरीक्षकांना देणे आवश्यक ठरले. रोग ओळखल्याशिवाय तो कळविता येत नाही. त्यामुळे जाणकार डॉक्टरांची गरज प्रथमच शासनाला भासली. १८९८ मध्ये टॉमस लेग हे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक झाले. मिलान येथे लुईजी देवोतो यांच्या प्रयत्नाने १९१० मध्ये केवळ व्यवसायजन्य रोगांसाठी चिकित्सालय सुरू झाले व तेथे रुग्णसेवा, संशोधन आणि अध्यापन यांची सांगड घातली गेली.

अमेरिकेतील ॲलिस हॅमिल्टन (१८६९–१९७०) यांची कार्यपद्धती या शिक्षणाचा आदर्श मानता येईल. इलिनॉय राज्यातील १९१० च्या सुमाराच्या पाहणीत शिशाची बाधा झालेला, स्नानपात्रांना मुलामा देणारा एक कामगार त्यांना आढळला. कारखान्यात त्यांना दाखविण्यात आलेले काम निर्धोक होते. त्यांनी कामगाराचे घर गाठले, तेव्हा ते केवळ किरकोळ दुरुस्तीचे काम असून खरे काम दुसऱ्याच ठिकाणी चालते, असे उघड झाले. तेथे तापलेल्या पात्रांवर शिसेयुक्त भुकटी शिंपडली जात असे. १९१९ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठाने त्यांना साहाय्यक प्राध्यापक नेमले. त्या विद्यापीठातील पहिल्या स्त्री-प्राध्यापक होत्या. तथापि पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत त्यांना प्रवेश नव्हता आणि १९३५ मधील निवृत्तीपर्यंत बढतीही मिळाली नाही. क्षेत्रीय पाहणी सुटू नये, म्हणून त्या वर्षातील निम्माच काळ अध्यापन करीत.

अमेरिकेत १९५५ मध्ये या विषयाला विशेषज्ञतेची मान्यता मिळाली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये १९७८ मध्ये स्वतंत्र विद्याशाखा स्थापन झाली.

भारतात कोलकात्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेने औद्योगिक आरोग्याचा पदविका अभ्यासक्रम चालविला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अनुसूचित रोग आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला कळवावे, असे बंधन घातले. परंतु ते पाळण्यास लागणारे ज्ञान सर्वसामान्य पदवी अभ्यासक्रमातून फारसे मिळत नव्हते. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेत ही उणीव भीषण रीतीने उघडी पडली. हजारो वायुपीडितांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विषारी वायूची व त्यावरील उपायांची पुरेशी माहिती नव्हती. १९८७ मध्ये अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी कडक तरतुदी आल्या. कारखान्यांतील डॉक्टरांसाठी मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत व प्रादेशिक संस्थांत तीन महिन्यांचा औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम चालू झाला. विषयाचा आवाका पाहता हा अवधी अल्पच म्हणावा लागेल.

शिवाय देशातील बहुसंख्य श्रमिक कारखान्यांबाहेर राबतात आणि सर्वसाधारण दवाखान्यातच जातात. दगडखाणीतील धुळीने होणारा सिलिकोसिस व क्षयरोग यांची लक्षणे आणि क्ष-किरण चित्रे पुष्कळदा सारखी दिसतात. सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय जडण्याचा संभवही अधिक असतो. व्यवसायाची चौकशी न झाल्यास अशा कामगारावर केवळ क्षयाचे उपचार होतात, तो पुन्हा त्याच धुळीत परततो, आणि नोंदीअभावी त्याचा भरपाईचा हक्कही सिद्ध करणे कठीण होते.