पेल्यांतून हरवलेलें फूल

मद्याच्या पेल्यावर एखाद्या निवृत्त शाळामास्तरानें भाषण करावें, हें आपणांपैकीं पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. मी स्वतः मद्य घेत नाहीं, आणि तें आपण घ्यावें असें सांगण्यासाठींही आज येथें बसलेलों नाहीं. परंतु इतिहास केवळ किल्ल्यांत आणि दप्तरांतच असतो असें नव्हे. तो घरच्या फडताळांतही असतो. आज ज्या पेयाची हकीकत मी सांगणार आहें, त्याचें नांव 'एव्हिएशन', म्हणजे विमानविद्या. जिन, लिंबाचा रस आणि फुलांचा गंध यांचें तें मिश्रण. आणि त्यांतलें फूलच सुमारें पाऊणशें वर्षें हरवलें होतें.

प्रथम जिनची कुळकथा पाहूं. ज्युनिपर नांवाच्या झुडपाच्या निळसर फळांचा गंध मद्यार्कांत उतरविला म्हणजे जिन होते. हींच फळें आपल्या आयुर्वेदांत हपुषा या नांवानें प्रसिद्ध आहेत. मूळचें हें पेय डच लोकांचें. १६८९ सालीं हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला आणि त्यानंतर लंडनांत जिनचा सुळसुळाट झाला. गरिबांच्या वस्त्यांत तिनें असा अनर्थ मांडला कीं, १७३६ सालीं पार्लमेंटानें गॅलनमागें २० शिलिंग कर आणि विक्रेत्यास ५० पौंडांचा परवाना असा जबर कायदा केला. लोकांनीं तो उघड उघड मोडला व १७४३ मध्यें तो मागें घ्यावा लागला. १७५१ चा कायदा मात्र बराच लागू पडला. त्याच वर्षीं होगार्थ या चित्रकारानें 'जिन लेन' हें आपलें विदारक चित्र प्रसिद्ध केलें. त्यांतल्या नशेंत चूर झालेल्या मातेच्या हातून तिचें मूल खालीं कोसळत आहे. पेल्याचें कौतुक ऐकतांना तें मूल आपण विसरूं नये.

पुढें १८३० मध्यें ईनियस कॉफी यानें अखंड चालणाऱ्या भट्टीचें पेटंट घेतलें. स्वच्छ मद्यार्क विपुल मिळूं लागला आणि त्याचा उग्र दर्प झांकण्यासाठीं भरमसाट साखर घालण्याची गरज हळूहळू संपली. ही कोरडी, निर्मळ जिन हातीं आली, म्हणूनच तीमध्यें एखाद्या फुलाचा नाजूक गंध ओळखूं येण्याजोगा राहिला.

आतां न्यूयॉर्कला जाऊं. तेथील हॉटेल वॉलिकमध्यें पेयें तयार करणारा ह्यूगो एन्सलिन यानें १९१६ सालीं 'रेसिपीज फॉर मिक्स्ड ड्रिंक्स' नांवाचें लहानसें पुस्तक काढलें. त्यांत 'एव्हिएशन'ची कृति आहे: दोन भाग जिन, एक भाग लिंबाचा रस, मॅराश्चिनो या चेरीच्या मद्याचे दोन शिंतोडे आणि व्हायोलेट फुलांच्या मद्याचे दोन शिंतोडे. आपल्याकडे काढ्यांत पडणारा गुलबनफ्शा हा याच कुळांतला. राइट बंधूंचें पहिलें उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चें. त्यास तेव्हां अवघीं बारातेरा वर्षें झालीं होतीं. व्हायोलेट पडतांच पेल्यावर सायंकाळच्या आभाळाची फिकट निळाई येते, आणि मग तें नांव सार्थ वाटतें.

१९२० सालीं अमेरिकेंत दारूबंदी आली. ती १९३३ पर्यंत टिकली. अमेरिकेंत हा धंदा केलेला हॅरी क्रॅडॉक नांवाचा इंग्रज लंडनला परतला आणि सॅव्हॉय हॉटेलांत नांवारूपास आला. १९३० सालीं त्याचें 'सॅव्हॉय कॉकटेल बुक' निघालें. त्यांतही 'एव्हिएशन' आहे: दोन भाग जिन, एक भाग लिंबू, मॅराश्चिनोचे दोन शिंतोडे, आणि येथेंच कृति संपते. व्हायोलेटची ओळ नाहीं! क्रॅडॉकचें पुस्तक जगभर गेलें, एन्सलिनचें दुर्मिळ झालें. पुढच्यांनीं प्रसिद्ध पुस्तकावरून उतरून घेतलें, त्यांच्यावरून आणखी कोणी. नांव आकाशाचें राहिलें, रंग मात्र लिंबाच्या पाण्याचा झाला. आणि हें असें कां, हें फारसें कोणी विचारलें नाहीं.

श्रोतेहो, मी क्रॅडॉकला हंसत नाहीं. शिवकालाचा धडा शिकवितांना मी माझ्या जुन्या वहींतून अष्टप्रधानांचीं नांवें मुलांस उतरून देत असें. एके वर्षीं मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मास्तर, हे तर सातच झाले." मीं मोजले. सुमंत गळला होता. वही नवी करतांना ती ओळ माझ्याच हातून सुटली होती, आणि त्यानंतर किती वर्गांनीं अष्टप्रधान म्हणून सातच जण पाठ केले असतील, या विचारानें त्या दिवशीं मला घरीं जेवण गेलें नाहीं. नांवांत 'अष्ट' होतें म्हणून ती चूक सांपडली तरी. पेयाच्या नांवांत कांहीं आंकडा नव्हता.

तें फूल परत आलें तें मूळ पुस्तक पाहणाऱ्यांमुळें. जुन्या कृतींचा शोध घेणाऱ्या हौशी लोकांनीं एन्सलिनचें पान उघडलें आणि गळलेली ओळ दाखविली. अमेरिकेच्या बाजारांत व्हायोलेटचें मद्यही मिळेनासें झालें होतें. २००७ सालीं तें ऑस्ट्रियाहून पुन्हां तेथें येऊं लागलें.

घरीं करणारे आज साधारणतः जिन ६० मिलिलिटर, ताज्या लिंबाचा रस २०, मॅराश्चिनो १० आणि व्हायोलेट ५ घेतात, बर्फासह झांकणाच्या भांड्यांत जोरानें हलवितात व थंड पेल्यांत गाळतात. व्हायोलेट जास्त झालें तर साबणाचा वास येतो. केवळ फुलांच्याच रंगाचें मद्य असेल, तर लिंबानें त्याची निळाई तांबूसपणाकडे झुकते. रॉबर्ट बॉइल यानें १६६४ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच गुण नोंदविला आहे: व्हायोलेटचें सरबत आम्लानें तांबडें होतें आणि क्षारानें हिरवें. ज्यांच्या घरीं मद्यास थारा नाहीं, त्यांनीं हा प्रयोग गोकर्णाच्या निळ्या फुलांच्या पाण्यांत लिंबू पिळून मुलांस अवश्य दाखवावा.

पेय घ्यावें कीं न घ्यावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. माझें मागणें एवढेंच कीं, आजीच्या लोणच्याची कृति असो वा घराण्याची वंशावळ, नक्कल करून झाल्यावर ती एकदां मुळाशीं ताडून पाहावी, आणि ओळी मोजाव्यात.