टॉलेमी नावाची माणसं

आमच्या गावात माझ्याच नावा-आडनावाचे आणखी दोघे आहेत. एकदा माझ्या कवितेच्या मानधनाचा चेक त्यांतल्या एकाच्या घरी गेला. त्याचं गॅरेज आहे. चेक आणून देताना तो म्हणाला, ''चाचा, एवढ्यात तर ट्यूबसुद्धा येत नाही!'' तेव्हापासून आमचा पोस्टमन पाकिटावर पेन्सिलीनं लिहितो : 'गॅरेज', 'मास्तर' किंवा 'कवी'.

अलेक्झांड्रियाच्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी हेच केलं. इ. स. पूर्व ३२३ मध्ये सिकंदर वारला आणि इजिप्त त्याच्या टॉलेमी नावाच्या सेनापतीकडे आलं. ग्रीक भाषेत हे नाव 'युद्ध' या शब्दावरून आलेलं, सेनापतीला शोभणारं. पुढं तो राजा झाला आणि नंतरच्या जवळजवळ तीनशे वर्षांत त्याच्या वंशातला प्रत्येक राजा टॉलेमीच. पहिला, आठवा, बारावा हे आकडे मागाहूनचे. आठवा स्वतःला 'उपकारकर्ता' म्हणवून घ्यायचा, प्रजा त्याला 'ढेरपोट्या' म्हणायची. क्लिओपात्राचा बाप होता 'पावावाला'. मला प्रजेचीच नावं अधिक पटतात.

इ. स. पूर्व ३० मध्ये क्लिओपात्रा गेली, राज्य रोमनांकडे गेलं. त्यानंतर दीडशे वर्षांनी त्याच शहरात आणखी एक टॉलेमी आकाश न्याहाळत होता. त्याची निरीक्षणं इ. स. १२७ ते १४१ या काळातली आहेत. ना सिंहासन, ना फौज. अरबांनी त्याला 'बतलीमूस' म्हटलं, त्याचा ग्रंथ जपला. 'अल्माजेस्ट' हे त्या ग्रंथाचं नाव अरबीतूनच जगभर गेलं. पण नवव्या शतकात अबू माशर या ज्योतिषानं त्याला चक्क राजघराण्यात बसवलं. युरोपही त्याच वाटेनं गेला. राफाएलच्या 'अथेन्सची शाळा' या भित्तिचित्रात हातात पृथ्वीगोल घेतलेला टॉलेमी पाहा, डोक्यावर मुकुट आहे! तारे मोजण्यात हयात घालवलेल्या माणसाचा मान वाढवायला मुकुटच का लागावा, याचं मला वाईट वाटतं.

गंमत अशी, की नावाचा हा घोटाळा त्याच्या स्वतःच्या पुस्तकातही आहे, आणि तो आपल्या घरचा आहे. त्याच्या 'भूगोला'त सुमारे आठ हजार ठिकाणं आहेत. त्यांत सोपारा आहे, नाशिक आहे, तेर आहे. 'बैठण', म्हणजे आपलं पैठण, ही कुणाची राजधानी? तर 'सिरिप्टोलेमायोस'ची! हा कुणी ग्रीक नव्हे, सातवाहन राजा श्री पुळुमावी. व्यापाऱ्यांच्या तोंडून समुद्रापलीकडे गेलेलं नाव ओळखीच्या नावात मिसळून गेलं.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत, या राजाच्या एकोणिसाव्या वर्षाचा लेख आहे. प्राकृतात त्याचं नाव आहे 'सिरि पुळुमायि'. सातवाहनांतही तीच ती नावं पुन्हा पुन्हा येत. त्यांनी ना आकडे लावले, ना टोपणनावं. नावाआधी आईचं नाव कोरलं : 'वासिठिपुत', वासिष्ठीचा मुलगा. अलेक्झांड्रियाला पोचेपर्यंत तेवढं मात्र गळून पडलं होतं.