बियाण्याचा वाद आणि निंदणारे हात

जनुक बदललेल्या बियाण्यांवर आपल्याकडे वीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. कंपन्या, पर्यावरणवादी आणि शेतकरी संघटना या तिन्ही पक्षांच्या तोंडी 'शेतकरी' हा शब्द असतो. आणि हा शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस. माझी माय मानोरा तालुक्यात जन्मभर दुसऱ्याच्या पऱ्हाटीत निंदत आणि वेचत राहिली. ती या वादात कुठेच नाही. म्हणून हा इतिहास तिच्या बाजूने मांडणे मला अगत्याचे वाटते.

1853 मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरच्या गिरण्या इथल्या कापसाकडे वळल्या. इथे काय पिकावे हे तेव्हापासून बाहेरचा बाजार ठरवू लागला. 1970 मध्ये सुरतेहून 'एच-4' हा संकरित वाण आला आणि घरची सरकी राखण्याची रीत मोडू लागली. दरवर्षी बियाणे विकत घेण्याची सक्ती बीटीने आणली, असे आपले कार्यकर्ते सांगतात. ते अर्धसत्य आहे. ती सक्ती संकराने आणली. बीटीने ती महाग केली.

26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या समितीने महिको-मोन्सँटोच्या तीन बीटी वाणांना परवानगी दिली. सुरुवातीला बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, वेचणीचे काम वाढले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 450 ग्रॅमची पिशवी सोळाशे रुपयांच्या घरात होती. 2006 मध्ये आंध्र सरकारने मक्तेदारीविरोधी आयोगाकडे दाद मागितल्यावरच ती साडेसातशेवर आली. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळी दोन्ही जनुके असलेल्या कपाशीलाही पुरून उरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली. त्यांत पाठीवर पंप घेतलेले मजूरही होते.

2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये वाशीमसह सहा जिल्हे होते. पण आत्महत्येनंतरच्या सरकारी मदतीसाठी कुटुंबाची जमीन आणि मान्यताप्राप्त कर्ज दाखवावे लागते. भूमिहीनाचे मरण त्या कागदात बसत नाही.

10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशक सोसणारी, परवानगी नसलेली कपाशी जाहीरपणे पेरली. 'निंदायला मजूर मिळत नाही', हे त्यामागचे एक मोठे कारण सांगितले जाते. त्याचा सरळ अर्थ असा की, सांगेल त्या दराने बाया आता येत नाहीत.

निंदण हे काही आमचे वैभव नव्हे. मायची कंबर त्यात गेली. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांनी हलका करावा, असे बाबासाहेबांनी 1918 च्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधातच मांडले होते. 1947 मध्ये त्यांनी जमीन राष्ट्राच्या मालकीची करून सामुदायिक शेतीची मागणी केली. 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो भूमिहीन जमिनीसाठी तुरुंगात गेले. ना उद्योग आले, ना जमीन मिळाली. आणि आता निंदणही जाणार.

तणनाशकाच्या बियाण्याला परवानगी द्यायची की नाही, हे शास्त्रज्ञांनी जरूर तपासावे. पण त्यापायी किती बायांची मजुरी बुडेल आणि त्यांना दुसरे काय मिळेल, याचा हिशेब त्याच मेजावर मांडला गेला पाहिजे. तो मागण्याचे काम आपल्या चळवळीचे आहे. दुसरे कोणी ते करणार नाही.