अलाइनरचा टिकाऊपणा : पहिल्या तासाचे बळ आणि चौदाव्या दिवसाचे बळ

दात सरळ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पारदर्शक साच्यांना, म्हणजेच क्लिअर अलाइनरना, आज महानगरांबरोबर रायपूर-नागपूरसारख्या शहरांतही मागणी आहे. जाहिरातींत त्यांच्या पारदर्शकतेचे कौतुक असते. ते ज्या प्लास्टिकचे बनतात त्याविषयी मात्र क्वचितच काही सांगितले जाते. वस्तुतः या उपचाराचा इतिहास हा बराचसा त्यातील पदार्थाचा इतिहास आहे. त्या पदार्थाला ‘मजबूत’ केव्हा म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या ऐंशी वर्षांत बदलत गेले आहे.

प्रारंभ रबरापासून होतो. अमेरिकेतील इंडियाना राज्यातले दंतवैद्य एच. डी. केसलिंग यांनी १९४५ साली ‘टूथ पोझिशनर’ हे साधन मांडले. रुग्णाच्या दातांच्या प्लास्टर प्रतिकृतीतून एकेक दात कापून वेगळा करायचा, तो मेणात योग्य जागी बसवायचा आणि त्या आदर्श मांडणीवर व्हल्कनीकृत रबराचा साचा घडवायचा, अशी ही पद्धत होती. तारांचा उपचार संपल्यावर दातांच्या जागेतील उरलेले किरकोळ दोष हा लवचिक साचा दूर करीत असे. दातांची मांडणी थोडीथोडी बदलत अशा साच्यांची मालिका वापरली, तर मोठी हालचालही घडवता येईल, हे केसलिंग यांना तेव्हाच दिसले होते. पण ते व्यवहारात शक्य नाही, असेही त्यांनी नमूद केले. प्रत्येक टप्प्यासाठी हाताने नवी मांडणी करणे परवडणारे नव्हते.

दुसरा टप्पा पातळ प्लास्टिकचा. हेन्री नहूम यांनी १९६४ साली गरम केलेली प्लास्टिकची शीट निर्वाताच्या साहाय्याने दातांच्या प्रतिकृतीवर ओढून बसवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. १९७१ साली पॉनित्झ यांनी ‘अदृश्य रिटेनर’ मांडले आणि १९९३ साली जॉन शेरिडन यांनी ‘एसिक्स’ साधने प्रचारात आणली. या साधनांचे मुख्य काम सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणे हे होते. त्यामुळे मजबूत याचा अर्थ साधा होता : तडकू नये, झिजू नये, आकार सोडू नये.

भारतात या काळात तारांचेच राज्य होते. इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीची स्थापना १९६५ची. तिच्या आरंभीच्या दशकांत विद्यार्थी शिकत होते ते धातूच्या वर्तनाचे शास्त्र. १९७१ साली आयोवा विद्यापीठातील जॉर्ज अँड्रियासन यांनी निकेल-टायटॅनियमच्या तारेचा वापर सुचवला आणि धातूची बाजू आणखी भक्कम झाली. ही तार बरीच वाकवली तरी जवळपास एकसारखे, सौम्य बल देत राहते. दात हलतो तो त्याच्या मुळाभोवतीचे हाड एका बाजूने विरघळून दुसऱ्या बाजूने नव्याने तयार होते म्हणून. या जैविक क्रियेला सौम्य आणि टिकून राहणारे बल मानवते. प्लास्टिकपुढे पुढे जो कठीण प्रश्न उभा राहिला, त्याचे मूळ येथे आहे.

केसलिंग यांची मालिकेची कल्पना शक्य झाली ती संगणकामुळे. चक हल यांना १९८६ साली स्टिरिओलिथोग्राफीचे, म्हणजे द्रव रेझिनमधून थरावर थर घडवण्याच्या तंत्राचे पेटंट मिळाले. १९९७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेले झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी स्थापन केली. दातांची प्रत्येक पुढची स्थिती संगणकावर आखायची, तिची प्रतिकृती छापायची आणि तिच्यावर प्लास्टिकची शीट ओढायची. एक अलाइनर दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो आणि दिवसाचे २० ते २२ तास, एक ते दोन आठवडे घातला जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली या पद्धतीस परवानगी दिली.

आता शीटचे काम पालटले होते. दात धरून ठेवणे पुरेसे नव्हते, तो ढकलायचा होता. धरण्यासाठी ताठरपणा चालतो; ढकलण्यासाठी बल टिकावे लागते. प्लास्टिक नेमके येथे कमी पडते.

प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंना ताणून ठेवले, की ते हळूहळू एकमेकांवरून सरकतात आणि आतला ताण कमी होत जातो. याला ताण-शिथिलन म्हणतात. अलाइनर बाहेरून जसाच्या तसा दिसतो, पण त्याची ढकलण्याची शक्ती ओसरलेली असते. इटलीतील लोम्बार्दो आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार पदार्थ २४ तास वाकवलेल्या स्थितीत ठेवून हे मोजले. बहुतेक घट पहिल्या ८ तासांत झाली. एकथरी पॉलियुरेथेन आणि पीईटीजी यांचा ताण सर्वांत अधिक होता, पण तो सर्वांत वेगाने ओसरला. दुथरी पदार्थांनी ताण संथपणे सोडला. मात्र त्यांचा ताण एकथरींच्या तुलनेत चौपटीपर्यंत कमी होता. यांपैकी मजबूत कोण? पहिल्या तासाला विचारले तर एक उत्तर मिळते, दुसऱ्या दिवशी विचारले तर दुसरे. नव्या अलाइनरांत कठीण आणि मऊ थर एकत्र आणण्याचा कल दिसतो तो यामुळेच. अलाइननेही आपले एकथरी पॉलियुरेथेन बदलून २०१३ साली ‘स्मार्टट्रॅक’ हा बहुथरी पदार्थ आणला.

दुसरी अडचण तोंडाची. शीटच्या माहितीपत्रकातील आकडे सहसा कोरड्या नमुन्याचे आणि २३ अंश सेल्सिअसच्या आसपासचे असतात. तोंड ३७ अंशांचे आणि कायम ओले असते. पॉलियुरेथेन पाणी शोषते. पाण्याचे रेणू साखळ्यांमधील हायड्रोजन बंधांत शिरतात आणि पदार्थ मऊ होतो. २००६ साली जपानी संशोधकांनी आठ प्लास्टिके तोंडासारख्या परिस्थितीत तपासली, तेव्हा त्यांचे यांत्रिक गुण बदललेले आढळले. २००४ साली रुग्णांनी वापरून परत केलेले अलाइनर तपासण्यात आले. त्यांत दातांच्या टोकांशी झीज होती, पृष्ठभागावर जैविक लेप होता आणि काही जागी तो कॅल्शियम साचून कडक झाला होता.

तिसरी अडचण जाडीची. ०.७५ मिलिमीटरची शीट दातांवर ओढताना ताणली जाते आणि ठिकठिकाणी पातळ होते. वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. शीट एखाद्या जागी ०.५ मिलिमीटर उरली, तर तिथला ताठरपणा मूळच्या ३० टक्क्यांवर येतो. म्हणून सपाट शीटची चाचणी आणि घडवलेल्या अलाइनरची चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मध्य भारतात यात उष्णतेची भर पडते. रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. गोल बाजारात खरेदीला आलेल्या माणसाने अलाइनरची डबी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवली, तर आतील तापमान याहून बरेच वाढते. पीईटीजी सुमारे ८० अंशांना काचेसारखी कठीण अवस्था सोडून रबरासारखी मऊ होते, पण बल टिकवण्याची तिची क्षमता त्याआधीच घटू लागते. अलाइनर न काढता घेतलेला वाफाळता चहा हेच काम थोडे थोडे करतो. पाव मिलिमीटरच्या हिशेबात अशा सूक्ष्म विकृतीलाही महत्त्व आहे.

हा प्रश्न आता परदेशापुरता उरलेला नाही. ‘इल्यूजन’ अलाइनर आणि ‘टॅग्लस’ शीट बाजारात आणणारी लक्ष्मी डेंटल ही मुंबईची कंपनी जानेवारी २०२५मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. तिचे कारखाने मीरा रोड आणि बोईसर येथेही आहेत. दक्षिण कोरियातील ग्राफी कंपनीने शीट वगळून थेट छापता येणारे आणि उष्णतेने मूळ आकार आठवणारे रेझिन आणले आहे. निवड वाढली, तशी तुलनेची जबाबदारीही वाढली.

केवळ पदार्थ बदलल्याने सर्व साधत नाही, हेही खरे. अमेरिकेतील २००९ सालच्या एका अभ्यासात आखलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्के हालचाल प्रत्यक्षात घडली होती. २०२० सालच्या अभ्यासात, नव्या बहुथरी पदार्थानंतर, ती ५० टक्के होती. दाताचा आकार, हालचालीचा प्रकार आणि रुग्णाची शिस्त यांचाही त्यात वाटा असतो.

म्हणून अलाइनरच्या मजबुतीचा दावा समोर आला, तर विद्यार्थ्याने आणि रुग्णानेही तीन गोष्टी विचाराव्यात. चाचणी कोरड्यात झाली की ३७ अंशांच्या ओलाव्यात? सपाट शीटची झाली की घडवलेल्या अलाइनरची? आणि बल मोजले ते पहिल्या तासाला, की अलाइनर बदलण्याच्या दिवशी? या उत्तरांविना छापलेला आकडा शीटविषयी काही सांगतो. दात हलेल की नाही, याविषयी फारसे सांगत नाही.