बॅटरी मरते ती अर्धपोटी राहून

धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरात एखाद्या पाड्यावर सौर दिव्याची बॅटरी दोन पावसाळ्यांत बसली, की तिच्या मरणाचे कारण आधीच ठरलेले असते. ऊन कडक, बॅटरी जास्त चार्ज झाली, पाणी आटले, प्लेटा जळाल्या. उपायही ठरलेला असतो: कंट्रोलरचे सेटिंग खाली आणा, तेरा पॉइंट आठ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, बॅटरी जपून राहील. बॅटरीच्या दुकानापासून योजनेच्या ठेकेदारापर्यंत हे मत इतके रुजले आहे की त्याला कोणी पुरावाच मागत नाही. माझे म्हणणे याच्या उलट आहे. रोज रात्री वापरल्या जाणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीला सौर यंत्रणेत सर्वांत मोठा धोका अपुऱ्या चार्जिंगचा असतो, आणि व्होल्टेज खाली ठेवण्याचा हा सल्ला तो धोका वाढवतो.

आधी पूर्वपक्षाला त्याचे माप पूर्ण देऊ. अतिचार्जिंगने बॅटरी खराब होते, हे खरे आहे. पूर्ण भरल्यावरही विद्युतप्रवाह रेटत राहिले तर पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होते, पातळी खाली जाते, उघड्या पडलेल्या प्लेटा निकामी होतात. धन प्लेटेची जाळी गंजते, तिच्यावरचा लगदा सुटून तळाला तपकिरी गाळ साचतो. उष्णतेने हे सारे वेगाने घडते. तापमान दहाएक अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. तळोदा-शहादा पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा अतिचार्जिंगची भीती बाळगणारे लोक अडाणी नाहीत. त्यांची चूक एवढीच की एका ठिकाणचा अनुभव त्यांनी दुसऱ्या ठिकाणी लावला.

हा १३.८ चा आकडा आला कुठून? तो आला टेलिफोन एक्सचेंज आणि यूपीएसच्या खोल्यांतून. तिथली बॅटरी संकटकाळासाठी राखून ठेवलेली असते. ती वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे २४ तास चार्जरला जोडलेली राहते आणि क्वचितच वापरली जाते. एक्सचेंजमधली २४ सेलची बॅटरी साधारण ५४ व्होल्टवर ठेवतात, म्हणजे दर सेलला २.२५ व्होल्ट. सहा सेलच्या बॅटरीसाठी हाच हिशेब १३.५ ते १३.८ वर येतो. याला फ्लोट म्हणतात, आणि तिथे तो अगदी योग्य आहे. वेळेला तोटा नसल्याने बॅटरी सावकाश भरली तरी चालते.

पाड्यावरच्या घरात वेळेचाच तोटा आहे. तिथे बॅटरी रोज रात्री रिकामी होते आणि दुसऱ्या दिवशी उन्हाच्या चार-पाच चांगल्या तासांत तिला भरायचे असते. पहिला ऐंशी टक्के भाग लवकर भरतो. उरलेल्या वीस टक्क्यांत प्लेटेच्या आतल्या भागापर्यंत रासायनिक क्रिया पोहोचावी लागते, आणि त्यासाठी व्होल्टेज १४.४ च्या आसपास काही तास टिकवावा लागतो. १३.८ वर तोच भाग भरायला कितीतरी अधिक तास लागतात, आणि तेवढ्यात सूर्य मावळतो. फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटरच्या जेम्स डनलॉप यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेसाठी केलेल्या मार्गदर्शिकेतही मुद्दा हाच आहे: सौर यंत्रणेत चार्जिंगचा वेळ मर्यादित असल्याने व्होल्टेजची मर्यादा फ्लोटपेक्षा वर ठेवावी लागते.

रोज थोडे कमी भरले तर बिघडते काय? याचे उत्तर रसायनात आहे. ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी १८८२ मध्येच दाखवले की बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. ते तयार होणे हा रोग नव्हे. बॅटरी तशीच चालते. ताजे सल्फेट बारीक कणांचे असते आणि चार्जिंगने सहज विरघळते. पण बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट राहिली तर बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर जमत जातात, आणि हे जाड खडे मग नेहमीच्या चार्जिंगला दाद देत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. शिवाय चार्जिंगच्या शेवटी उठणारे बुडबुडे आम्ल ढवळण्याचे कामही करतात. बुडबुडेच उठले नाहीत तर जड आम्ल तळाशी बसते, वरचे पातळ होते आणि प्लेटांचा खालचा भाग आधी मरतो. आपल्याकडे घरोघरी असलेल्या उंच ट्युब्युलर बॅटऱ्यांत हा धोका जास्त. सीलबंद नसलेल्या बॅटरीत थोडा उकळता आवाज येणे हे तिच्या तब्येतीचे लक्षण आहे, आणि आपण त्यालाच रोग समजून बंद करतो.

कोणाला हे पुस्तकी वाटत असेल तर भंगारात निघालेली बॅटरी उघडून पाहावी. अतिचार्जने मेलेली बॅटरी लगेच ओळखू येते: पाणी खोल गेलेले, तळाला तपकिरी चिखल, धन प्लेटेची जाळी हाताने चुरा होणारी. अपुऱ्या चार्जने मेलेलीचे रूप वेगळे असते. पाण्याची पातळी ठीक असते. प्लेटांवर करडी-पांढरी झाक असते, बोट फिरवले तर खरखर लागते. हायड्रोमीटर बुडवला तर दिवसभराच्या उन्हानंतरही आम्लाची ग्रॅव्हिटी बाराशेच्या खाली अडकलेली दिसते, जिथे सौर दिव्याची ट्युब्युलर बॅटरी २७ अंश तापमानाला पूर्ण भरल्यावर बाराशे चाळीसच्या आसपास दाखवायला हवी. ज्यांच्या हाताखालून जुन्या बॅटऱ्या जातात, त्यांनी आपल्या डोळ्यांना विचारावे की यातले कोणते रूप त्यांना अधिक दिसते.

आता सगळ्यांच्या परिचयाची तक्रार घेऊ: 'कंट्रोलरवर हिरवा दिवा लागतो, बॅटरी फुल दाखवते, आणि रात्री तासाभरात लाइट जाते.' यावर नेहमीचे उत्तर असते की बॅटरी जळाली. खरे कारण असे की सल्फेट साचलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे चार्जिंगला लावल्याबरोबर तिचा व्होल्टेज झटकन वर जातो. कंट्रोलरला व्होल्टेज तेवढाच दिसतो. त्याला वाटते पोट भरले, आणि तो चार्जिंग तोडतो. बॅटरी आणखी अर्धपोटी राहते, आणखी सल्फेट साचते. सेटिंग जितके खाली, तितके हे चक्र लवकर सुरू होते.

या चक्राचे बिल शेवटी पाड्यावरच्या माणसाच्या नावावर फाडले जाते, आणि मला राग येतो तो याचा. बॅटरी कधीच पूर्ण भरत नसल्याने संध्याकाळीच तिचा व्होल्टेज ११ ते ११.५ च्या दरम्यान उतरतो आणि कंट्रोलर दिवा बंद करतो. मुलाचा अभ्यास अर्धा राहिलेला असतो, चुलीवर भाकरी असते. मग घरातला कोणीतरी कंट्रोलर बाजूला सारून दिव्याची तार सरळ बॅटरीला जोडतो. पुढे बॅटरी मेल्यावर पाहणीच्या कागदावर शेरा पडतो: 'लाभार्थ्याच्या हयगयीमुळे नादुरुस्त.' तार सरळ जोडणे बॅटरीला घातक आहे, यात वाद नाही. पण ती हयगय आजाराच्या शेवटी आली. आजार सुरू झाला तो सेटिंगपासून. परिणामाला कारण ठरवून आदिवासी कुटुंबांना दोष देणे हा अन्याय आहे, आणि तांत्रिक निदान म्हणूनही तो चुकीचा आहे.

पावसाळ्याचा हिशेब मांडला की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. केंद्राच्या सौर दिव्यांच्या योजनेतल्या एका ठरावीक संचात ३७ वॉटचे पॅनल आणि १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी असे. चांगल्या उन्हात हे पॅनल सुमारे २ अँपिअर देते, म्हणजे दिवसाला साधारण १० अँपिअर-तास. ९ वॉटचे दोन दिवे रात्री चार तास लावले तर ६ अँपिअर-तास जातात. उन्हाळ्यात हे सहज निभते. पण सातपुड्यावर ढग बसले आणि आवक दोन-तीनवर आली, तर रोज तीन-चार अँपिअर-तासांची तूट पडते आणि पाच-सात दिवसांत बॅटरी निम्म्यावर येते. ढगांपुढे कोणत्याही सेटिंगचे चालत नाही. पण उघडीप मिळते तेव्हा सेटिंगच सगळे ठरवते. त्या दोन-चार कोरड्या दिवसांत प्रत्येक अँपिअर बॅटरीत गेला पाहिजे. नेमके तेव्हाच १३.८ वरचा कंट्रोलर प्रवाह आवळतो, आणि पॅनलवर पडलेले ऊन वाया जाते.

'पण आमच्याकडे उष्णता किती!' या आक्षेपाला मोजून उत्तर देता येते. तापमान बदलले तर चार्जिंगचा व्होल्टेजही बदलायला हवा, आणि त्याचे प्रमाण ठरलेले आहे: दर अंशाला दर सेलमागे ३ ते ५ मिलिव्होल्ट. मधला ४ चा आकडा धरला तर सहा सेलसाठी अंशाला २४ मिलिव्होल्ट होतात. २७ अंशांना १४.४ योग्य असेल तर ४२ अंशांना सुमारे १४.०४ हवा. म्हणजे मे महिन्यातल्या ऐन दुपारीसुद्धा १३.८ कमीच पडतो. आता याच भागाची दुसरी बाजू पाहा. सातपुड्यातल्या डाब-वालंब्याकडे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात. बॅटरी ७ अंशांवर आली तर तिला सुमारे १४.९ लागतो. तापी खोऱ्यातला मे आणि सातपुड्यातला डिसेंबर यांना एकच आकडा लावणारा कंट्रोलर दोन्हीकडे चुकतो, आणि थंडीत फारच चुकतो. उष्णतेचा मुद्दा खरा आहे. पण तो तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलावा असे सांगतो, कायमचा खाली ठेवावा असे सांगत नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा: 'व्होल्टेज वाढवला तर डिस्टिल्ड वॉटर कोण टाकणार? पाड्यावर ते मिळते कुठे?' हाही मोजता येतो. एक अँपिअर-तास जादा गेला तर एका सेलमधले साधारण एकतृतीयांश ग्रॅम पाणी फुटते, सहा सेलचे मिळून दोन ग्रॅम. या छोट्या संचात रोज दीड अँपिअर-तास जादा गेला असे धरले तरी महिन्याला ९० ग्रॅम, म्हणजे वर्षाला जेमतेम लिटरभर. पाच लिटरचा एक कॅन चार-पाच घरांना वर्षभर पुरतो. मोलगी किंवा धडगावहून तो कॅन नेणे सोपे, की दोन वर्षांनी डोंगरावर नवी बॅटरी चढवणे? पाणी मुळीच कमी न होणे हे साध्या बॅटरीत अभिमानाचे लक्षण मानू नये. बहुतेकदा त्याचा अर्थ ती कधी पूर्ण भरलीच नाही, असा असतो.

एक अपवाद मी पूर्णपणे मान्य करतो. सीलबंद बॅटरीत पाणी टाकता येत नाही, म्हणून तिथे मर्यादा कडक ठेवावी लागते: बनावटीप्रमाणे २५ अंशांच्या आसपास १४.१ ते १४.४, उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि खाली सांगितलेले इक्वलायझिंग अजिबात नाही. लिथियम बॅटरीचे शास्त्र वेगळे आणि तिचा कंट्रोलरही वेगळा. पण जीपमध्ये, ट्रॅक्टरमध्ये आणि घरोघरच्या इन्व्हर्टरखाली आजही शिसे-आम्लच आहे, त्यामुळे हा प्रश्न कालबाह्य झालेला नाही.

मग करायचे काय? सरसकट व्होल्टेज वाढवा, असे मी म्हणत नाही. व्होल्टेज टप्प्यांनी आणि तापमानाप्रमाणे हाताळावा, हा माझा सिद्धान्त. साध्या ट्युब्युलर बॅटरीला २७ अंशांवर १४.४ पर्यंत चढू द्यावे, दोन-तीन तास तिथे टिकवावे, मग १३.५ ते १३.८ वर उतरवावे. महिन्यातून एकदा, आणि पावसाळी झडीनंतर हमखास, १५ ते १५.५ वर नेऊन सेल सारखे करावेत; यालाच इक्वलायझिंग म्हणतात. तासातासाने घेतलेली ग्रॅव्हिटी तीनदा एकच आली की थांबावे. हे करताना खोली हवेशीर असावी, जवळ चूल किंवा विडी नसावी, कारण हायड्रोजन पेट घेतो.

आणि व्होल्टेज मोजावा तो बॅटरीच्या टर्मिनलवर. कंट्रोलरपासून बॅटरी तीन मीटरवर असेल, तार एक चौरस मिलिमीटरची असेल आणि चार अँपिअर वाहत असतील, तर जाण्या-येण्याच्या तारेतच सुमारे ०.४ व्होल्ट पडतो. कंट्रोलरला १४.४ दिसतात, बॅटरीला १४ मिळतात. हिरव्या बुरशीने माखलेला क्लॅम्प असेल तर त्याहूनही कमी. जाड तार, घासून स्वच्छ केलेले टर्मिनल आणि त्यावर पेट्रोलियम जेलीचा हात, एवढ्यानेही कित्येक बॅटऱ्या सुधारतील.

हे काम पाड्यावरच होऊ शकते. तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकलेला तरुण मल्टिमीटर आणि हायड्रोमीटर घेऊन दर महिन्याला आपल्या गावच्या बॅटऱ्या पाहू शकतो. सहा सेलची ग्रॅव्हिटी वहीत लिहायला दहा मिनिटेही लागत नाहीत. निविदा काढणाऱ्यांनी पॅनलच्या वॉटबरोबर कंट्रोलरचा चार्जिंग व्होल्टेज, तापमानानुसार होणारी दुरुस्ती आणि सेटिंग बदलण्याची सोय या तीन गोष्टी अटींमध्ये घालाव्यात. आणि पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने कंट्रोलरचे सेटिंग आणि सहाही सेलची ग्रॅव्हिटी कागदावर नोंदवल्याशिवाय 'लाभार्थ्याची हयगय' हा शेरा मारू नये. त्या नोंदी नसतील तर तो शेरा पुराव्यावाचूनचा आरोप ठरतो, आणि असा आरोप सहन करण्याची सक्ती सातपुड्यातल्या कुठल्याही घरावर असू नये.